उभ्या गाडीतल्या मद्यपी चालकाचे काय?

संपादक महोदय,

नाकाबंदीत चालती गाडी अडवली, चालकाला ब्रेथ अ‍ॅनलायझरमध्ये फुंकायला लावले आणि आकडा मर्यादेपुढे गेला, तर पुढे फारसा वाद उरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10 हजार रुपये दंड किंवा दोन्ही. 2019 च्या दुरुस्तीआधी हा दंड दोन हजारांपर्यंतच होता. वाढवला ते बरेच झाले. माझा प्रश्न उभ्या गाडीचा आहे.

हे कलम गाडी चालवणाऱ्याला किंवा तसा प्रयत्न करणाऱ्याला लागू होते. रात्री एक वाजता लग्नाच्या हॉलबाहेर काय दिसते? काचा बंद, एसीसाठी इंजिन चालू आणि चालकाच्या सीटवर एक जण मान टाकून घोरतो आहे. त्याने गाडी चालवायचा प्रयत्न केला, असे म्हणता येत नाही. पण अर्ध्या तासाने जाग आली की तो गिअर टाकणारच नाही, याची हमी कोण देणार? पलीकडच्या गाडीतल्याने मात्र किल्ली न पिणाऱ्या मित्राकडे दिली आहे आणि स्वतः मागच्या सीटवर आडवा झाला आहे. पहिल्याला सोडून देणे धोक्याचे, दुसऱ्याला ठाण्यात नेणे अन्यायाचे. दुसऱ्याला एकदा असा त्रास झाला, तर पुढच्या वेळी तो झोपायला थांबणार नाही, सरळ घरी निघेल.

ब्रिटनच्या 1988 च्या रोड ट्रॅफिक कायद्यात दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गाडी ताब्यात असणे हाच वेगळा गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, म्हणजे चालवण्याच्या गुन्ह्यापेक्षा कमी. नशा उतरेपर्यंत आपण गाडी चालवण्याची शक्यता नव्हती, हे आरोपीने पटवून दिले तर तो सुटतो. ते सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणे योग्य आहे, असा निर्वाळा हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, 2004 मध्ये दिला. किल्ली कुठे होती, माणूस कुठल्या सीटवर होता, घरी जायची दुसरी काय सोय होती, हे तिथे पाहिले जाते.

आपल्याला हे परके नाही. आपल्याच कायद्याचे कलम 126 उभ्या गाडीसाठी चालकाबरोबर गाडी ताब्यात असणाऱ्यालाही जबाबदार धरते. मग कलम 185 मध्येही केंद्र सरकारने ताब्याचा वेगळा, सौम्य शिक्षेचा गुन्हा घालावा आणि ब्रिटनसारखा बचावही त्याच कलमात द्यावा.

दुरुस्तीला वेळ लागेल. तोवर गृह विभागाने वाहतूक पोलिसांना लेखी सूचना द्याव्यात: इंजिन चालू होते का, किल्ली कोणाकडे होती, माणूस कोणत्या सीटवर होता, याची नोंद जागेवरच करावी आणि गुन्हा नोंदवायचा की नाही ते त्यावरून ठरवावे. 31 डिसेंबरच्या नाकाबंदीआधी हे परिपत्रक प्रत्येक ठाण्यात पोहोचायला हवे.

– एक वाचक, नाशिक