आधी आकडे उतरवून घ्या, मग बटण दाबा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिन्याभरापूर्वी आपल्या रविवार पुरवणीत घरगुती युक्त्यांच्या चौकटीत जुन्या टीव्हीचं चित्र बसवायचा छुपा मेनू कसा उघडायचा, ते छापून आलं. चौकट तळहाताएवढी होती. तिच्यापायी माझ्या टेबलावर तीन सेट आले. दोन मार्गी लागले, तिसऱ्यापुढं आठ दिवस हात टेकून बसलोय. म्हणून हे पत्र.

मी सेलूचा, जिल्हा परभणी. स्टेशन रोडला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, यंदा चौतिसावं वर्ष. आताशा मिक्सर, कूलरच्या मोटारी नि इन्व्हर्टर हेच जास्त येतं. पण डब्बा टीव्ही, म्हणजे जुने पिक्चर ट्यूबचे, संपले असं शहरातल्या लोकांना वाटतं, तसं काही नाही. शेतातल्या आखाड्यावर, पिठाच्या गिरणीत, म्हातारा-म्हातारीच्या खोलीत ते अजून चालायलेत. छपरावर फ्री डिशची छत्री आणि खाली २१ इंची डब्बा, अशी घरं आमच्या तालुक्यात पाहिजे तेवढी दाखवतो.

आपल्या चौकटीत खोटं काही नव्हतं, हे आधी कबूल करतो. सोनीच्या बऱ्याच सेटला स्टँडबायवर असताना डिस्प्ले, ५, व्हॉल्यूम प्लस आणि पॉवर अशी बटणं लागोपाठ दाबली, की मेकॅनिकचा मेनू उघडतो. फिलिप्सच्या बऱ्याच सेटला ०६२५९६ आणि लगोलग माहितीचं किंवा मेनूचं बटण. रिमोट मात्र सेटबरोबर आलेला हवा, बाजारातल्या साठ रुपयांच्या रिमोटला पुष्कळदा ती बटणंच नसतात. एवढं सगळं छापलंत आणि एक ओळ राहिली. कुठल्याही आकड्याला हात लावायच्या आधी तो उतरवून घ्या, ही.

वालूरचे एक निवृत्त गुरुजी आहेत. आयुष्यभर मराठी शिकवलं. त्यांच्या सेटवर बातम्यांच्या खालची पट्टी अर्धी कापली जायची. मला म्हणाले, "काना, मात्रा, वेलांटी सगळं दिसतं. पण उकार एक दिसेल तर शपथ. गुरुवार आहे का गरवार आहे, आपणच ठरवायचं." सुट्टीला आलेल्या नातवानं आपली चौकट कापून हातात घेतली आणि मेनू उघडला. दुसऱ्या का तिसऱ्या बटणालाच पडदा काळा, आणि मधोमध एकच पांढरीफेक आडवी रेघ. गुरुजी म्हणाले, गेला टीव्ही.

टीव्ही गेला नव्हता. स्क्रीनचं व्होल्टेज नीट बसवता यावं म्हणून काही सेटना ही सोयच दिलेली असते. चित्र वरखाली पसरवणारं सर्किट मुद्दाम थांबवायचं, उरलेली रेघ जेमतेम दिसेल इतकं व्होल्टेज ठेवायचं, आणि तेच बटण पुन्हा दाबून चित्र परत आणायचं. दहा सेकंदांचं काम. जास्त वेळ ठेवली तर मात्र काचेच्या आतल्या चमकणाऱ्या मसाल्यावर कायमचा डाग पडतो. हे पोराला कोण सांगणार? तो घाबरला आणि हाताला येईल ते दाबत सुटला. रेघ गेली, चित्र आलं. मग धीर चेपला, आणि गडी पुढच्या पानावर गेला.

माझ्याकडं सेट आणला तेव्हा हाइट, म्हणजे चित्राची उंची, मस्त जमली होती. फक्त एव्ही, म्हणजे बाहेरच्या डब्याचं चित्र-आवाज घ्यायची जागा, लागत नव्हतं. डिशचा डबा जोडायचा तो एव्हीलाच, आणि टीव्हीला एव्ही म्हणून काही असतं हेच आठवेना. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी विचारलं, "त्या पानावर आधी कोणते आकडे होते?" पोरगं आजोबांकडं बघायला लागलं. म्हणालं, "काका, मी नुसतं प्लस-मायनस केलं."

आता यात काय बिघडतं, ते जरा सविस्तर लिहितो.

पूर्वीच्या सेटला मागच्या बाजूनं भोकं असायची. आत प्रीसेट, म्हणजे पेचकसानं फिरवायच्या छोट्या चकत्या. समोर आरसा उभा करायचा, मागून प्लॅस्टिकचा पेचकस घालायचा आणि आरशात बघत चित्र बसवायचं. प्रीसेट फिरवायच्या आधी मी त्याच्या मूळ जागेवर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका देत असे. बिघडलं तर ठिपक्यावर परत. पुढं यातले बहुतेक प्रीसेट गेले आणि त्यांच्या जागी आठ पायांचा एक मेमरी आयसी आला. २४सी०८ नावाचा आयसी घ्या, डाळीच्या दाण्याहून थोडा मोठा, त्यात १,०२४ आकडे मावतात. छुपा मेनू म्हणजे त्यातल्या थोड्याशा आकड्यांना लावलेली खिडकी. नेलपॉलिशचा ठिपका द्यायला मात्र आता जागा उरलेली नाही.

हे आकडे दोन जातीचे. एक जात डोळ्याला दिसणारी. हाइट, चित्र वरखाली सरकवणं, डावी-उजवीकडं सरकवणं. यात चूक झाली तर पडद्याकडं बघून दुरुस्त होते. कारखान्यातही हे एकेक सेटपुरतंच बसवतात, कारण दोन पिक्चर ट्यूबा कधी सारख्या निघत नाहीत. आपल्या मराठवाड्यातच, पैठण रोडला चितेगावच्या व्हिडिओकॉनच्या कारखान्यात टीव्ही बनायचे, तिथूनही प्रत्येक सेट आपापले आकडे घेऊनच बाहेर पडत असणार. दुसरी जात ऑप्शनची. ओपी किंवा ऑप्शन असं लिहून पुढं नुसता आकडा. तो ० ते २५५ मधला एक आकडा असतो, पण आत आठ स्विच दडलेले असतात. एक एव्हीचा, एक भाषेचा, एक आवाजाच्या आयसीचा, असे. कोणता स्विच कशाचा, ते मॉडेलनुसार बदलतं. गुरुजींच्या सेटला असे पाच आकडे आहेत. एक-एक करून लावून बघा म्हणणाऱ्यानं २५६ ला २५६ नं चार वेळा गुणून बघावं. शिवाय चुकीच्या आकड्यावर सेट चालूच झाला नाही, तर मेनूही उघडत नाही. कोरा मेमरी आयसी बसवला की काही सेट स्वतःच ठोकळ आकडे भरून घेतात. गुरुजींचा घेत नाही, मी करून बघितलं.

आणि इथं 'रद्द करा' असं काही नसतं. मोबाईलमध्ये चुकलं तर मागं येता येतं. यातले पुष्कळ सेट प्रत्येक दाबाला आकडा तिथल्या तिथं साठवून मोकळे होतात.

आता मूळ दुखणं, कापलेली पट्टी. आपल्या देशात चित्र ६२५ ओळींचं धरलेलं, त्यातल्या ५७६ ओळींत दिसायचं चित्र असतं. पण डब्बा टीव्ही ते सगळं कधीच दाखवत नाही. चारी बाजूंनी थोडं काचेच्या बाहेर जाऊ देतो, मुद्दाम. कारण जुन्या सेटमध्ये लाईट कमी झाली की चित्र आक्रसायचं. कागदावर २३० व्होल्ट आणि संध्याकाळी शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की गावात १६०, हे आमच्याकडच्या कुणाला सांगायला नको. चित्र थोडं मोठंच ठेवलं तर आक्रसलं तरी कडेला काळी पट्टी दिसत नाही. हे ओळखून पूर्वी चॅनलवाले अक्षरं कडेपासून आत ठेवायचे. आता त्यांच्यासमोर रुंद सपाट टीव्ही आहेत, म्हणून पट्टी पार कडेला जाऊन बसली. तेव्हा सेट बिघडला म्हणून कुणी पोटात भीती धरू नये.

तिघांतला पहिला सेट तर मी उघडलाही नाही. डिशच्या डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन टीव्हीचा आकार ४:३ लेटरबॉक्स केला, पट्टी आली. वर-खाली थोडी काळी जागा दिसते, दिसू द्या. पैसे घेतले नाहीत. चहा मात्र पाजला सेटवाल्यांनी.

एवढ्यानं भागलं नाही आणि मेनू उघडायचाच असेल, तर सेट अर्धा तास चालू ठेवून तापू द्या. गार सेटवर बसवलेलं चित्र तापल्यावर हलतं. मोबाईलवर प्रत्येक पानाचा फोटो घ्या आणि फोटोत आकडा वाचता येतो का, ते तिथंच मोठा करून बघा. मग हाइटचा एकच आकडा दोन-तीन घर खाली घ्या. गोल वस्तू पडद्यावर येईल तेव्हा ती अंड्यासारखी तर होत नाही ना, एवढं बघा, आणि बाहेर या. रुंदीच्या नादी लागू नका. फुगीर काचेच्या साध्या २१ इंचीत रुंदीचा आकडा बहुतेक नसतोच. रंगाच्या आकड्यांना, एजीसीला (सिग्नलचा जोर सांभाळणारा आकडा) आणि ऑप्शनला हात लावू नका. ट्यूबमध्ये लाल, हिरव्या, निळ्या रंगाची एकेक गन असते, आणि जुन्या ट्यूबची एखादी गन आधी थकलेली असते. नुसत्या अंदाजानं लाल वाढवला तर बातम्या देणारी बाई गुलाल खेळून आल्यासारखी दिसायला लागते, आणि मग हिरवा, मग निळा, असं रात्रीचे बारा वाजतात.

दुसरा सेट मानवतच्या हॉटेलवाल्याचा. त्याची वरची बाजू दबत चालली होती, माणसांची डोकी चपटी. त्यानं मेनूतून हाइट वाढवत नेली, आकडा संपेपर्यंत. दोष होता व्हर्टिकल सेक्शनच्या, म्हणजे चित्र वरखाली पसरवणाऱ्या सर्किटच्या, एका वाळलेल्या कंडेन्सरमध्ये. किंमत पंधरा रुपये. तो बदलला आणि सेट लावला, तर आता डोकी काचेच्या बाहेर, कारण हाइट टोकाला नेलेली. त्यालाही जुना आकडा माहीत नव्हता, पण ते डोळ्यानं जमलं. वर ओळी दुमडलेल्या दिसल्या किंवा चित्र एकाच बाजूनं आखडलं, तर ते मेनूचं दुखणं नसतं. आतली वस्तू मरायला लागलेली असते.

मागचं झाकण घरी उघडू नये, हेही छापा. पिक्चर ट्यूबच्या टोपीखाली २५,००० व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूब ते धरून ठेवते. आम्ही उस्तादाकडून शिकलो ते एक हात खिशात घालून. मी एकदाच विसरलो. खांदा अजून आभाळ आलं की बोलतो.

संपादक साहेब, चौकट जेवढ्या अक्षरात छापली, तेवढ्याच अक्षरात फोटो काढायची ती एक ओळ छापावी. आणखी एक काम आहे, ते वाचकांकडं. ऑप्शनचे आकडे हाइटसारखे सेटगणिक बदलत नाहीत. एका मॉडेलला आणि आतल्या एकाच बोर्डाला ते सहसा सारखे असतात. गुरुजींच्या सेटचा मॉडेल नंबर चिठ्ठीवर लिहून मी सेलूच्या आपल्या पेपरवाल्याकडं ठेवलाय. सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर, परतूर, कुठंही त्याच नंबरचा चालू सेट घरात असेल, तर त्यानं पेपरवाल्याजवळ निरोप द्यावा. मी रिमोट घेऊन येईन, पाच मिनिटं पान बघीन, फोटो काढीन, एकही प्लस-मायनस करणार नाही. तोवर गुरुजी शेजाऱ्याकडं बातम्या बघायलेत, आणि शेजाऱ्याला बातम्यांपेक्षा कुस्त्या आवडतात.

आपला,
एक टीव्ही मेकॅनिक
स्टेशन रोड, सेलू, जि. परभणी