चाचणी मैदानात नको, वडाखाली घ्या

महोदय,

सिंहस्थाच्या गर्दीत मोबाइलचे टॉवर कोलमडले तर उपग्रह फोन हाताशी असतील, असे हल्ली जो तो बोलतो. आडगाव नाक्यावर मालट्रकना जीपीएस बसवून देणे हा माझा धंदा, म्हणून हे पत्र.

लोकांना धास्ती पावसाची, कारण जोराच्या सरीत घरच्या डिशचे चित्र जाते. पण डिशची फ्रिक्वेन्सी बरीच वरची. जीपीएस आणि बहुतेक उपग्रह फोन दीड गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालतात. तिथे पावसाचे फारसे काही चालत नाही. नडते ते झाड. दाट झाडाआड 10 डेसिबल सहज जातात, म्हणजे सिग्नल दहाव्या हिश्श्यावर येतो. पाने ओली असली तर आणखी कमी.

डोंगराचे तसेच. द्राक्षांचा कंटेनर कसारा घाट उतरत असला की मालकाचा फोन येतो, ‘गाडी दरीत कशी दाखवते?’ गाडी रस्त्यावरच असते. थेट लहर डोंगराने अडवलेली, कड्यावर आपटून आलेली लहर जरा उशिरा पोचते आणि नकाशावरचा ठिपका सरकतो. ड्रायव्हर बिचारा फुकट शिव्या खातो.

आता पंचवटीत या. काही उपग्रह फोन भूस्थिर उपग्रहावर, म्हणजे आभाळात कायम एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहावर चालतात. तो विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंच. आपल्या रेखांशाजवळचा असला तर नाशिकहून तो दक्षिणेला, क्षितिजापासून साठ-पासष्ट अंशांवर येतो. विलायतेच्या मानाने हे चांगलेच, तिथे तो बराच खाली असतो. तरीही दहा फुटी पूर्व-पश्चिम गल्लीत दक्षिणेला तीन मजली वाडा असला, की समोरच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिलात तरी तो दिसणार नाही. दक्षिणोत्तर गल्लीत तोच फोन खणखणीत लागेल. बाकीचे फोन ज्यांवर चालतात ते कमी उंचीवरून फिरणारे उपग्रह गल्लीवरच्या आभाळाच्या पट्टीत येतात आणि बोलणे संपायच्या आत निघूनही जातात.

म्हणून प्रशासनाला विनंती, की उपग्रह फोनची चाचणी गोल्फ क्लब मैदानावर उरकू नका, तिथे लागणारच. सीतागुंफेजवळच्या वडांखाली घ्या, मालेगाव स्टँडकडून रामकुंडावर उतरणाऱ्या गल्ल्यांत चालत घ्या, आणि श्रावणात घ्या. गल्लीतल्या बंदोबस्ताला वॉकीटॉकीच द्यावी. उपग्रह फोन चौकीत ठेवून त्याचा अँटेना गच्चीवर, दक्षिणेचे आभाळ मोकळे असेल तिथे बसवावा. वायरीचा खर्च किरकोळ आहे.

– आपला एक वाचक, आडगाव, नाशिक