निव्वळ करमणुकीलाही मोठा पडदा हवा

मा. संपादक,

महोदय,

इफ्फीच्या (भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) निमित्ताने आपल्या रविवारच्या पुरवणीत साठच्या दशकाअखेरच्या जागतिक चित्रपटांचा आढावा घेणारा लेख वाचला. गोदार, बर्गमन, अँतोनिओनी या दिग्दर्शकांवर लेखकाने आस्थेने लिहिले आहे. मात्र त्याच वर्षांतील वेस्टर्न (अमेरिकेच्या पश्चिम भागातील पिस्तूलबाजांच्या कथांचे) आणि विनोदी चित्रपटांची त्यांनी ‘निव्वळ करमणूक’ एवढ्या दोन शब्दांत बोळवण केली आहे. माझा आक्षेप या दोन शब्दांना आहे.

सर्जिओ लिओनेचेच पाहा. घोडे आणि पिस्तुले अमेरिकेची, दिग्दर्शक इटलीचा, चित्रीकरण बरेचसे स्पेनमधील अल्मेरियाच्या उजाड माळावर आणि सुरुवातीच्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’चे कथानक तर थेट जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या ‘योजिम्बो’वरून उचललेले. (विनापरवाना उचलल्याबद्दल जपानी कंपनीला पुढे उत्पन्नातला वाटा द्यावा लागला.) अशा चित्रपटांना इटलीच्या शेवयांवरून ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ म्हणून हिणवले गेले. पण १९६८ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची सुरुवात आठवावी. तीन मारेकरी एका ओसाड स्थानकावर आगगाडीची वाट पाहत आहेत. संवाद जवळजवळ नाहीत आणि पार्श्वसंगीतही नाही; ऐकू येते ती पवनचक्कीची कुरकुर, टोपीवर टपटपणारे पाणी आणि तोंडाभोवती घोंघावणारी एक माशी. याच चित्रपटाचे संगीत संगीतकार मोरिकोनेने चित्रीकरणाआधी रचले होते आणि लिओने ते प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळी वाजवून नटांना त्या लयीत चालवत असे. वर्षानुवर्षे सज्जन नायक म्हणून ओळखला गेलेला हेन्री फोंडा येथे एका लहान मुलावर पिस्तूल रोखतो, तेव्हा दिग्दर्शक प्रेक्षकाच्या जुन्या विश्वासावरच नेम धरत असतो. याला करमणूक म्हणायला माझी हरकत नाही. ‘निव्वळ’ या शब्दाला आहे.

विनोदी चित्रपटांवरील अन्याय तर अधिक मोठा आहे. फ्रेंच दिग्दर्शक जाक तातीने ‘प्लेटाइम’साठी पॅरिसच्या वेशीवर काचेच्या आणि पोलादी इमारतींचे एक अख्खे नगर उभारले, ते ७० मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित केले आणि १९६७ मध्ये चित्रपट आपटल्यावर तो कर्जात बुडाला. या चित्रपटात समीपदृश्ये (क्लोज-अप) शोधूनही सापडणार नाहीत. जत्रेच्या फेरीत (बाजारात) उभे राहिल्यावर कुठे पाहावे हे जसे आपले आपणच ठरवतो, तसेच येथे आहे. उपाहारगृहाचे काचेचे दार फुटते, तरी द्वारपाल हातात दाराची नुसती मूठ धरून नसलेले दार अदबीने उघडत राहतो, आणि त्याच वेळी चौकटीच्या दुसऱ्या कोपऱ्यात आणखी काही घडत असते. मी हा चित्रपट प्रथम लॅपटॉपवर पाहिला आणि निम्मे विनोद मला दिसलेच नाहीत.

चेक दिग्दर्शक मिलोश फोर्मनच्या ‘द फायरमेन्स बॉल’ची गत वेगळी. एका छोट्या गावातील अग्निशामक दल समारंभ योजते, सोडतीची बक्षिसे एकेक करून चोरीला जातात आणि एका म्हाताऱ्याच्या घराला आग लागते, तेव्हा ही मंडळी नाचगाण्यात असतात. फोर्मनने बहुतेक भूमिका खऱ्याखुऱ्या बंबवाल्यांना दिल्या होत्या. उत्सव समितीच्या बैठकीला कधी बसलेल्या कोणत्याही गोवेकराला यातील चेहरे ओळखीचे वाटतील. चेकोस्लोव्हाकियाच्या राज्यकर्त्यांनाही ते तसेच वाटले असावेत, कारण ऑगस्ट १९६८ मध्ये रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरल्यानंतर या ‘निव्वळ करमणुकी’वर बंदी आली.

इफ्फी २००४ पासून गोव्यात भरतो. जुन्या चित्रपटांची निवड करताना आयोजकांनी या तिघांचा विचार करावा आणि शक्य असल्यास ते पणजीबाहेरही, मडगाव व साखळीच्या रवींद्र भवनांत आणि फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात, मराठी किंवा कोकणीतील पाच मिनिटांच्या प्रास्ताविकासह दाखवावेत, अशी विनंती आहे. साखळीत आरंभ फोर्मनपासून करावा. त्याचा चित्रपट जेमतेम सव्वा तासाचा आहे. तो पाहून आम्हांला वाळपईची शेवटची बस गाठता येईल.

आपला,
एक प्रेक्षक, वाळपई