पोटदुखीचा सल्ला देताना प्रमाणही सांगा

संपादक महोदय,

वरच्या पोटात दुखते म्हणून मोबाइलवर शोधले, की उत्तर ठरलेले असते: ॲसिडिटी आहे, तिखट-तेलकट बंद करा, भरपूर पाणी प्या. वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्याही हेच छापतात. सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे आणि त्याने दुखणे अंगावर काढण्याची सवय लागते.

बरगड्यांखालच्या त्या वीतभर जागेत जठर, पित्ताशय, यकृत आणि स्वादुपिंड दाटीवाटीने बसलेले आहेत. पित्ताशयातल्या खड्याचे दुखणे बहुधा जड जेवणानंतर येते, अर्ध्या तासापासून काही तास टिकते आणि उजव्या खांद्याच्या पात्याकडे सरकते. स्वादुपिंडाला सूज आली तर कळ थेट पाठीत जाते आणि पुढे वाकून बसल्यावर जरा उतार पडतो. हृदयविकाराचा झटकाही कधीकधी फक्त पोटाच्या वरच्या भागात जाणवतो, विशेषतः स्त्रिया, मधुमेही आणि वयस्कर माणसांत. सोबत दरदरून घाम किंवा धाप असेल तर ॲसिडिटीची गोळी शोधत बसू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे.

राहणीमानाबद्दलचे सल्ले तर फारच मोघम असतात. ‘डोके उंच ठेवून झोपा’ असे वाचले की लोक दोन-तीन उशा रचतात. त्यामुळे माणूस कमरेत दुमडतो आणि पोटावर उलट जास्त दाब येतो. पलंगाचे डोक्याकडचे पायच 15 ते 20 सेंटिमीटर उचलायला हवेत. रात्रीचे जेवण आणि झोप यांत 3 तासांचे अंतर ठेवावे आणि डाव्या कुशीवर झोपावे. मात्र हे सारे घशाशी आंबट येणाऱ्यांसाठी आहे. चार घासांतच पोट गच्च होणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. त्याने एका वेळचे जेवण निम्मे करून खाण्याच्या वेळा वाढवाव्यात आणि स्निग्ध पदार्थ कमी करावेत, कारण स्निग्धामुळे जठर सावकाश रिकामे होते.

पथ्याची लांबलचक यादी एकदम पाळणे ही सर्वांत मोठी चूक. दोन आठवडे साधी नोंद ठेवावी: काय खाल्ले, किती, केव्हा, दुखले केव्हा, कुठे, 0 ते 10 मध्ये किती. संशय येईल तो एकच पदार्थ दोन-तीन आठवडे थांबवावा, मग पुन्हा खाऊन पाहावा. दहा पदार्थ एकाच दिवशी सोडले तर गुन्हेगार सापडत नाही. वर वजन घटते, आणि कारणाशिवाय वजन घटणे हे तर धोक्याचे लक्षण. मग डॉक्टरांनी ते पथ्याच्या खाती मांडायचे की आजाराच्या?

गोळ्यांचेही तसेच. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायच्या असतात. दुखायला लागल्यावर घेतल्या तर लगेच आराम पडत नाही. महिनोन्महिने घेऊन अचानक थांबवल्या तर काही दिवस ते काही आठवडे आम्ल उसळते आणि आजार परतला असे वाटते. जठरात व्रण करू शकणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची असेल, तर या गोळ्या डॉक्टरांना विचारून 2 आठवडे आधी आणि प्रतिजैविके 4 आठवडे आधी थांबलेली असावी लागतात. नाहीतर जंतू असूनही अहवाल निर्दोष येतो.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांचा उल्लेख तर अशा लेखांत क्वचितच दिसतो. ‘जेवल्यावर घेतली की बाधत नाही’ ही समजूत घातक आहे. ही औषधे रक्तावाटेही जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी करतात, त्यामुळे भरल्या पोटीही व्रण होऊ शकतो.

आपल्या आरोग्य पुरवणीत धोक्याची लक्षणे लेखाच्या तळाशी, बारीक अक्षरांत असतात. ती सर्वांत वर, चौकटीत छापावीत ही विनंती: रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, गिळताना अडकणे, थांबत नसलेल्या उलट्या, कावीळ, तापासह दुखणे, आणि साठीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची पाकिटे सोबत न्यावीत, हेही त्याच चौकटीत यावे.

– एक वाचक