केसांची मुळं तुमच्या निविदेसाठी थांबत नाहीत

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,

स. न. वि. वि.

गेल्या सोमवारी जिल्हा रुग्णालयातल्या औषधाच्या खिडकीतून माझी चिठ्ठी परत आली. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनच्या गोळीपुढे लाल पेनानं ‘एन. ए.’, म्हणजे उपलब्ध नाही, असं लिहिलेलं, आणि वर ‘बाहेरून घ्या’. 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी दवाखान्यात उपचार मोफत, ही घोषणा तुमच्याच खात्याची. केसपेपर फुकट मिळाला. गोळी मिळाली नाही.

मला लायकेन प्लॅनोपिलॅरिस आहे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उठते. मुळं मरतात, तिथे व्रण धरतो, छिद्रं बुजतात. चाईत केस परत येऊ शकतात; इथे गेले ते गेले. डोक्यात घ्यायची स्टेरॉइडची इंजेक्शनं, टाळूला लावायचं क्लोबेटासोल, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, त्यानं भागलं नाही तर प्रतिकारशक्ती दाबणारं मायकोफिनोलेट, ही सगळी औषधं फक्त उरलेली मुळं वाचवायला. उशिरा आलेलं औषध माझ्या काय कामाचं?

आणि उशीर तर पहिल्या दिवसापासून होतोय. कित्येक महिने मला चाईचं मलम दिलं. तालुक्याला त्वचेचा डॉक्टरच नाही. रात्री टाळूला मुंग्या डसल्यासारखी खाज, उन्हात आग, कंगवा लागला तरी डोळ्यांत पाणी. घरच्यांनी कांद्याचा रस चोळला, वर आणखी भाजलं. शेवटी कर्ज काढून शहरात बायोप्सी केली. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून टाळू बघितली आणि म्हणाल्या, ‘ताई, इथे आता छिद्रंच नाहीत.’ ती जागा तळहाताएवढी आहे, गुळगुळीत, चकाकणारी. हळदीकुंकवाला गेले तर पदर डोक्यावरून हलू देत नाही. पदर सरकला की बायका बोलायच्या थांबतात.

जानेवारी 2025 मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस गळाले, तेव्हा पथकं आली, दिल्लीची वैद्यकीय संशोधन परिषद आयसीएमआर आली, पाण्याचे नमुने गेले. यायलाच हवी होती. पण आमचा आजार गावागावांत एकेकटा बसलेला, म्हणून आम्हाला कुणी विचारायचं नाही?

2020 च्या मार्चमध्ये हीच हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी कोरोनावर चालेल म्हणून देशभर पळापळ झाली. निर्यात एका दिवसात बंद झाली, अमेरिकेनं मागितल्यावर लगेच सुरूही झाली. जगातला 70 टक्के पुरवठा भारताचा, असं तेव्हा छाती काढून सांगत होते. मग साताऱ्याच्या बाईला ती का मिळत नाही? सरकारला मनावर घ्यायचं असतं तेव्हा एका रात्रीत होतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

महात्मा फुले जन आरोग्य योजना दवाखान्यात दाखल होऊन खाटेवर झोपलेल्याला. मी चालती-फिरती, म्हणून मी रुग्ण नाही. विमावाला म्हणतो, केस म्हणजे सौंदर्याचा विषय. महिन्याला तीन-साडेतीन हजारांची औषधं, वर या गोळीमुळे डोळ्याच्या पडद्याची तपासणी, तीही खासगीत. शिलाईच्या मशीनवर बसून मी किती कमावते, असं समजता?

औषधखरेदीसाठी तुम्ही वेगळं प्राधिकरण काढलंत, तरी खिडकी रिकामीच. ही औषधं जिल्ह्यात बारमाही ठेवा. आठवड्यातून एक दिवस तालुक्याला त्वचारोगतज्ज्ञ पाठवा. बायोप्सी आणि डोळ्यांची तपासणी जिल्ह्यातच करा. बाह्यरुग्णाची औषधं योजनेत घ्या. आणि मला ‘आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे’ हे उत्तर नको. गोळी कोणत्या तारखेला खिडकीत येईल, ते लेखी कळवा.

सातारा जिल्ह्यातील एक रुग्ण