ग्वालियाच्या पडक्या घरांविषयी आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

ऑस्ट्रेलियातल्या लिओनोरा गावाजवळच्या सोन्याच्या खाणीतल्या नोकरीचा करार मी सोमवारी सही करून पाठवला. फोनवर सांगितले असते तर बाबा गप्प झाले असते आणि आई, तू विषय बदलला असतास, म्हणून लिहिते आहे. करार दोनच वर्षांचा आहे. मुंबईला परतणे लांबले, रद्द झालेले नाही.

दादाने तुम्हाला त्या खाणीशेजारच्या ओस गावाचे, ग्वालियाचे, पत्र्याच्या पडक्या घरांचे फोटो दाखवले, हे मला कळले. ती घरे खरी आहेत, लिओनोरापासून चारच किलोमीटरवर. मी मुद्दाम पाहून आले. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या त्या कोरड्या लाल मातीत १८९६ मध्ये सोने सापडले. दोन वर्षांनी खाणीवर व्यवस्थापक म्हणून हर्बर्ट हूवर आला, वय अवघे २३. तोच पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला आणि तिथे महामंदी त्याच्या वाट्याला आली. इटलीहून आलेल्या मजुरांनी पत्रा, लाकूड, गोणपाट, मिळेल ते जोडून घरे उभारली. चोरटी दारू थांबावी म्हणून सरकारने १९०३ मध्ये स्वतःचे हॉटेलही बांधले. पुढे सोन्याचा भाव औंसाला ३५ अमेरिकी डॉलरवर बांधलेला राहिला, खाण खोल जात गेली, खर्च वाढत गेला आणि १९६३ च्या डिसेंबरअखेर काम थांबले. बाराशेची वस्ती तीन आठवड्यांत चाळीसवर आली.

बाबा, त्या घरांमधून फिरताना मला आपली खोली आठवली आणि तुम्ही रोज डबा घेऊन बंद गिरणीच्या गेटवर जात होतात ते दिवस आठवले. ग्वालियाची माणसे तीन आठवड्यांत निघून गेली. तुम्ही मात्र भोंगा पुन्हा वाजेल म्हणून कित्येक वर्षे वाट पाहिलीत. एका गेटावर विसंबलेल्या गावाची तुम्हाला वाटणारी भीती मी खोटी म्हणणार नाही. पण म्हणूनच मी तिथे घर करणार नाही. दोन आठवडे खाणीवर आणि एक आठवडा पर्थला, अशी पाळी आहे. आता बहुतेक लोक असेच विमानाने येतात-जातात. खाण १९८०च्या दशकात पुन्हा सुरू झाली, आता ती दीड किलोमीटरहून खोल आहे आणि भावही कुणी बांधून ठेवलेला नाही. उद्या ती पुन्हा बंद झाली, तर माझी एक बॅग भरायला तासभर पुरेल.

माझे बरेचसे काम वर, छपराखाली, दगडांचे नमुने तपासण्याचे आहे. खाली उतरावे लागेल तेव्हा एकटीने जायचे नसते. खोलीत एसी आहे, मेसमध्ये भात मिळतो आणि आई, तुझा गोडा मसाला मी बॅगेत आधीच ठेवला आहे. तापात तू कपाळावर ठेवायचीस ती ओली घडी मात्र कुठल्याच मेसमध्ये मिळणार नाही.

आता माझे ऐका. बाबांच्या मोतीबिंदूची तारीख दिवाळीआधीचीच घ्या, पुढे ढकलू नका. बीपीची गोळी जेवणानंतर "घेतो" म्हणून विसरली जाते, ती आईने समोर उभे राहून द्यावी. आई, तू स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढायचे नाहीत. दादाला सांग, तो कुरकुर करील, पण काढील. तुम्ही माझ्यावर रागावला असाल तर फोनवर रागवा, गप्प राहू नका.

पर्थला आले की पहिल्याच संध्याकाळी तुमच्या सात वाजता फोन करीन, तेव्हा माझ्याकडे साडेनऊ झालेले असतील.

तुमची,
छकुली