दाबोळीहून आई-बाबांना

दाबोळी, गोवा

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई एकच विचारत होती, "आता तरी खाली येतलस मा रे?" म्हणजे नौदलाची लढाऊ विमानं उडवणं आता तरी सोडणार ना? आणि मागून बाबा मोपा विमानतळावरच्या एअरलाइनवाल्यांचे पगार सांगत होते. फोनवर मला धड उत्तर देता येत नाही, म्हणून लिहितोय.

आई, तुझ्या डोक्यातून २०१० जात नाही, हे मला ठाऊक आहे. ३ मार्चला हैदराबादच्या एअर शोमध्ये 'सागर पवन' या नौदलाच्या हवाई कसरतींच्या टीमचं किरण विमान कोसळलं आणि नौदलाचे दोन वैमानिक गेले. टीम इथलीच, गोव्याची. मी शाळेत होतो आणि दुसऱ्या दिवशीचा पेपर तू माझ्या हाती लागू दिला नव्हतास. इथे त्या अपघाताबद्दल सगळे मोकळेपणी बोलतात. बोलायलाच हवं.

२०२३च्या नौदल दिनाला तुम्ही तारकर्लीच्या वाळूत उभं राहून मिग-२९के पाहिलंत. बाबा म्हणाले होते, काय जिगर! खरं सांगू, शोमध्ये जिगरवाला वैमानिक आम्हाला नकोच असतो. नवी कसरत आधी भरपूर उंचीवर घोटायची, मग टप्प्याटप्प्याने खाली आणायची. लूप, म्हणजे हवेत उभा गोल, घेताना माथ्यावर विमान उलटं असतं, तेव्हा नजर उंचीच्या काट्यावर. ठरलेल्या आकड्यापेक्षा काटा खाली असेल तर लूप तिथेच सोडायचा, विमान सुलटं करून सरळ निघून जायचं. बघणाऱ्यांना वाटतं, हेच ठरलं होतं. खाली कुठले पाहुणे बसलेत, हे त्या वेळी आठवता कामा नये.

बाबा, तुमच्यासाठी हिशेब: सात जी, म्हणजे गुरुत्वाच्या सातपट जोर, लागला की माझं ७० किलो वजन ४९० होतं. त्यासाठी घातलेला जी-सूट मांड्या-पोटऱ्या आवळतो, पोट घट्ट धरून तुटक श्वास घ्यायचा. तेव्हाचं माझं तोंड आईने न बघितलेलं बरं!

मला धाक वाटतो तो विमानवाहू जहाजावर उतरण्याचा. डेकवर आडव्या तारा असतात, त्यातल्या एकीत शेपटीखालचा हूक अडकला पाहिजे. आणि चाकं टेकली की इंजिन कमी करायचं नाही, पूर्ण जोरात लावायचं. हूक चुकला तर पुन्हा उडायला वेग हवा ना! पण थांबायचं म्हटलं की हात आपोआप थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, मागे घेऊ बघतो. ती खोड जिरवायला इथे दाबोळीत जमिनीवरच तशा तारा आहेत, उड्डाणासाठी जहाजावर असतो तसा टोकाला वर उचललेला १४ अंशांचा स्की-जंपही आहे. तिथे हात बसल्याशिवाय जहाज दिसत नाही. रात्रीचं उतरणं मला अजूनही आवडत नाही. आवडतं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

एअरलाइनचा विचार केला, बाबा. आत्ता नाही. हॉक विमानावर नव्या पोरांना शिकवायचं काम मी मागून घेतलंय. म्हणजे आई, मी खाली येत नाहीये, मागच्या सीटवर बसतोय. पोरं घाबरतील ती वेगळीच.

पुढच्या महिन्यात दोघं या. कुडाळहून मडगावपर्यंत रेल्वेने, पुढे मी गाडी घेऊन येतो. बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं संग्रहालय आहे, तिथे सी हॅरियर हे लढाऊ विमान ठेवलंय. १९८३ ते २०१६ नौदलात होतं ते, जागच्या जागी सरळ खाली उतरायचं. बाबांना अर्धा दिवस पुरणार नाही. गुडघ्याचे एक्स-रे मात्र आठवणीने आणा, इथल्या डॉक्टरांना दाखवून घेऊ.

तुमचा,
बाबू